बोशिताची धर्माची आई

डुकराचं पिल्लू घरात आलं की मुलं सगळ्यात आधी त्याला आंघोळ घालायला निघतात. मग कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, थांबा, फेलिपाबाईंना विचारून या. शाळेतून निवृत्त होऊन मला बराच काळ झाला, तरी आमच्या चेनकू गावची मुलं अजून माझ्या दारात येतात, आणि हल्ली गणितापेक्षा डुकरांचेच प्रश्न जास्त आणतात.

आमच्याकडची डुकरं लहान चणीची. काळी, अंगावर केस जवळजवळ नाहीत, कान पातळ. त्यातलं एखादं मांजराएवढंच राहतं आणि मग ते परसात न राहता घरात राहायला लागतं. मुलं म्हणतात, आमचंच आहे ते, आमच्याजवळ झोपतं. मी म्हणते, छान. आता मी सांगते ते ऐका. आधी नुसते जमिनीवर बसा. त्याला तुमच्याकडे येऊ द्या. आल्याआल्या उचलू नका. पाय जमिनीवरून सुटले की डुकराला वाटतं आपल्याला कुणीतरी खायला नेतंय. पोटाखाली खाजवा, ते आपणहून आडवं पडेल. आणि कधीही मारू नका. एकदा मारलेलं डुक्कर विसरत नाही, आणि कुणी मारलं तेही विसरत नाही.

"हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं, बाई?"

"माझ्या धाकट्या बहिणीच्या कोमाद्रेनं."

मुलं हसतात. पोराची आई आणि त्या पोराची धर्माची आई, या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. आणि त्या वेळी माझी बहीण तोमासा सहा वर्षांची होती.

बोशिता आली ती बाबांच्या पिशवीतून. बाबा, म्हणजे निकानोर, शेजारच्या गावात कुणाच्या तरी घराचं छप्पर शाकारायला गेले होते. संध्याकाळी आले, खांबांना टांगलेल्या दोऱ्यांच्या झोळीत बसले आणि पिशवी जमिनीवर ठेवली. पिशवी हलली. आईनं चुलीवरची मक्याची भाकरी उलटता उलटता विचारलं, "कोंबडी?"

"कोंबडीपेक्षा शहाणी," बाबा म्हणाले.

आत हाताच्या तळव्यात मावेल एवढं काळं पिल्लू होतं. डुकरिणीच्या आचळाला जागा न मिळालेलं, सगळ्यात शेवटचं. त्या घरच्या माणसांनी म्हटलं होतं, जगलं तर तुमचं. तोमासानं ते उचललं आणि त्या क्षणापासून ते कुणाचं आहे याबद्दल कुणी काही बोललं नाही. नाव तिनंच ठेवलं. आमच्या भाषेत बोश म्हणजे काळं. बोशिता म्हणजे लाडाची काळी.

मक्याचं पीठ पाण्यात कालवून, कोमट करून, चिंधी भिजवून तोमासा तिला पाजायची. ती चिंधी चोखताना बोशिताचे डोळे मिटायचे आणि शेपटी सरळ व्हायची. आईला ते आवडायचं, पण ती तसं दाखवायची नाही. ती म्हणायची, "माझ्या पोरींना मी एवढं कौतुकानं पाजलं नाही."

बोशिता चालायला लागली तसा त्रास सुरू झाला. आमचं घर एकाच खोलीचं, भिंती मातीनं लिंपलेल्या, खाली ठोकून बसवलेली पांढरी जमीन. आई ती जमीन रोज पाणी शिंपडून झाडायची. बोशितानं त्या जमिनीत चुलीशेजारी खड्डा केला. मग दुसरा केला. मग तिला झोळ्यांचे धागे सापडले. एका दुपारी बाबा झोळीत आडवे झाले आणि सरळ जमिनीवर आले. आणि घाण तर कुठेही. आईच्या भरतकामाच्या टोपलीपाशी, पाण्याच्या मडक्यापाशी, कधी दाराच्या अगदी मधोमध.

"पुरे झालं," आई एक दिवस म्हणाली. "जत्रेपर्यंत बघीन. तोवर शिकली तर राहू दे. नाही तर वेन्से जाताना घेऊन जाईल."

वेन्सेस्लाओ आईचा भाऊ. आमचा वेन्से मामा. तो जत्रेला यायचा, जेवायचा, बैलांचा खेळ बघायचा आणि परत जायचा. त्याच्या घरी डुकरांचा मोठा गोठा होता. आम्ही दर वर्षी तिथं जायचो आणि दर वर्षी गोठ्यात वेगळी डुकरं असायची. तोमासा लहान होती, पण तेवढं तिला कळत होतं.

ती शिकवायला लागली. म्हणजे, बोशिताला समोर बसवून समजावून सांगायला लागली. "हे बघ, इथं नाही. तिथं. बाहेर. कळलं?" बोशिता ऐकून घ्यायची, आणि मग इथंच.

आमच्या परसाला आणि शेजारच्या परसाला मधे एक दगडी गडगा होता, छातीपर्यंत उंचीचा. पलीकडे दोन्या सेफेरीना राहायच्या; आमच्याकडे मानानं बाईच्या नावाआधी दोन्या लावतात, पुरुषाच्या नावाआधी डॉन. नवरा गेलेला, मूल नाही, टर्क्या पुष्कळ. आमच्या आईचं आणि त्यांचं बोलणं बंद होतं. वरवरचं कारण मिरचीची रोपं. आईनं खांबांवर वाफा करून मिरची लावली होती, दोन्या सेफेरीनांची टर्की गडगा ओलांडून आली आणि सगळी रोपं कोवळी असतानाच खाऊन गेली. तेव्हा आई म्हणाली, "मालकिणीसारखीच आहे टर्की. बोलावणं नसताना येते आणि खाऊन जाते." दोन्या सेफेरीनांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या अंगणात पाऊल टाकलं नाही.

पण खरं कारण रोपं नव्हती, हे मला मोठेपणी कळलं. खरं कारण तोमासा होती.

आमच्याकडे तान्ह्या मुलाला आडवंच धरतात. मग एक दिवस त्याचं हेत्समेक होतं. मुलगी असली तर तिसऱ्या महिन्यात, कारण चुलीचे दगड तीन. मुलगा असला तर चौथ्या महिन्यात, कारण शेताचे कोपरे चार. धर्माची आई मुलाला पहिल्यांदा कंबरेवर घेते, पाय दोन्हीकडे करून, आणि टेबलाभोवती नऊ फेऱ्या घालते. टेबलावर सुई असते, पेन्सिल असते, कोयता असतो. एकेक वस्तू ती मुलाच्या हातात देते आणि सांगते, हे घे, याच्यानं तू पुढं असं असं करशील. उकडलेलं अंडं भरवते, म्हणजे समज उघडते. दोन्या सेफेरीनांचा हात हलका आहे असं सगळं गाव म्हणायचं. अर्ध्या चेनकूची हेत्समेक त्यांच्या कंबरेवर झालेली. तोमासा जन्मली तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं की भिंतीला भिंत लागून शेजार, साबीना, म्हणजे आमची आई, त्यांनाच बोलावणार. दोन्या सेफेरीनांनी तर अंडंही बाजूला काढून ठेवलं होतं म्हणे. आणि आईनं बोलावलं दुकानदाराच्या बायकोला.

तर बोलणं बंद. म्हणजे एकमेकींशी बंद. जनावरांशी चालू. सकाळी आई कोंबड्यांना दाणे टाकताना मोठ्यांदा म्हणायची, "खा गं बायांनो, आपलंच खा, दुसऱ्याच्या वाफ्यात जाऊ नका." पलीकडून आवाज यायचा, "ऐकलंस का गं टर्के? काही लोकांच्या घरी कोंबड्यांनाही उपदेश करतात." बाबा झोळीत पडून दोन्ही बाजूंचं ऐकायचे आणि म्हणायचे, "आज कोंबड्या जिंकल्या."

असंच एकदा तोमासा बोशिताला कंबरेवर घेऊन परसात फिरत होती. मोठ्या बाया पोराला घेतात अगदी तशी, पाय दोन्हीकडे. गडग्यापलीकडून दोन्या सेफेरीना टर्कीला म्हणाल्या, "बघितलंस का गं? हेत्समेक झालं नाही आणि कंबरेवर घेतलंय. मग डोकं उघडायचं कसं? बसेल जन्मभर मठ्ठ."

तो टोमणा होता, आईच्या कानांसाठी. आई आत होती, तिनं ऐकला नाही. ऐकला तोमासानं. ती थांबली. बोशिताला हळूच कंबरेवरून खाली उतरवून दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि माझ्याकडे आली.

"फेलिपा, हिचं हेत्समेकच झालं नाही."

"डुकराचं करत नाहीत."

"म्हणूनच ती शिकत नाही. मी कंबरेवर घेतली ना, तिची समज बंद झाली." तिचे डोळे भरून आले होते. "किती महिन्यांची झाली असेल ती?"

मी हिशेब केला. तिसरा चालू होता.

"आणि ती मुलगी आहे," तोमासा म्हणाली. "म्हणजे अजून वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी आई दळणाला गेली तशी ती गडग्यावर चढली. मी तिचा फ्रॉक धरून मागे ओढत होते. "दोन्या सेफे, आमच्या बोशिताचं हेत्समेक कराल का?"

दोन्या सेफेरीना नारिंगाच्या झाडाखाली मका सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता त्या ओरडतील. त्यांचा चेहरा असा काही झाला की मी तोमासाचा फ्रॉक सोडून दिला.

"तुला तुझ्या आईनं पाठवलं?"

"नाही. तिला सांगायचं नाही."

"तुझ्या वेळी मी चालले नाही. आता डुकरासाठी चालते?"

तोमासाला याचा अर्थ कळला नाही. ती म्हणाली, "सगळे म्हणतात तुमचा हात हलका आहे. ती नाही शिकली तर मामा तिला नेणार."

दोन्या सेफेरीनांनी आणखी एक कणीस सोललं.

"पोराच्या आईनं यावं लागतं मागणी घालायला," शेवटी त्या म्हणाल्या. "अशी कुणीही उठून आली तर मी करत नाही."

"मीच तिची आई आहे."

"तू?"

"मीच पाजलं तिला. चिंधीनं."

दोन्या सेफेरीनांनी कणसं बाजूला ठेवली. "असं असेल तर," त्या म्हणाल्या, "रीतीनं ये. दारातून. गडग्यावर माकडं चढतात. आणि रिकाम्या हातानं येतात का मागणी घालायला?"

तोमासानं आपल्या वाटणीचा गोड पाव जपून ठेवला, माझा मागून घेतला, भोपळ्याच्या बियांची एक वाटी घेतली, आणि केस ओले करून विंचरून दारातून गेली. मी बोशिताला घेऊन मागे. दोन्या सेफेरीनांनी पाव घेतला, वास घेतला, पानात गुंडाळून ठेवला. मोठ्या माणसांच्या मागणीला जे बोलतात ते सगळं त्या बोलल्या: मी म्हातारी, माझ्याजवळ द्यायला काही नाही, दुसरी कुणी बघितली असतीत तर बरं. तोमासाला पुढचं उत्तर माहीत नव्हतं. ती म्हणाली, "नाही, तुम्हीच." तेच बरोबर उत्तर होतं.

हेत्समेक नारिंगाच्या झाडाखाली झालं. टेबलावर काय ठेवायचं याचा दोन्या सेफेरीनांनी फार गंभीरपणे विचार केला होता. एक झाडू. झोळीचा तुटका धागा. मातीची वाटी. डुकरं आवडीनं खातात त्या रामोन झाडाची डहाळी. तोमासानं माझी शाळेची पेन्सिल आणली होती. मी म्हटलं, डुकराला पेन्सिल कशाला?

"असू दे," दोन्या सेफेरीना म्हणाल्या. "माझ्या हातातही दिली होती. मी कुठं लिहायला शिकले?"

फेऱ्या मोजायला टेबलाच्या कडेला भोपळ्याच्या नऊ बिया मांडल्या, दर फेरीला एक बाजूला सरकवायची. दोन्या सेफेरीनांनी बोशिताला कंबरेवर घेतलं. ती किंचाळली नाही, नुसती त्यांच्या अंगातल्या सैल झग्यावरच्या, हुईपिलवरच्या, भरलेल्या फुलांचा वास घेत राहिली. पहिली फेरी. "हा झाडू. याच्यानं घर झाडतात. जे झाडलं ते घाण करायचं नाही." दुसरी फेरी. "हा धागा. हा झोपायला आहे, खायला नाही." अशा त्या चालत होत्या आणि मधे कधीतरी कडेला आल्या तेव्हा बोशितानं मान लांब केली आणि मांडलेल्या सगळ्या बिया खाल्ल्या.

"किती झाल्या?" दोन्या सेफेरीनांनी विचारलं.

मी म्हटलं चार. तोमासा म्हणाली सहा.

"मग पहिल्यापासून." आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, यावेळी दुसऱ्या बिया मुठीत धरून. शेवटी धाप लागली होती त्यांना. अंडं भरवलं. ते बोशितानं टरफलासकट खाल्लं आणि वाटी चाटली.

मग दोन्या सेफेरीनांनी कंबर सरळ केली, बोशिताला तोमासाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घ्या, कोमाद्रे. तुमची मुलगी."

तुमची. सहा वर्षांच्या पोरीला. पण आमच्याकडे कोमाद्रेला अगंतुगं करत नाहीत. आणि रीत म्हणजे रीत. तोमासा लाजेनं लाल झाली. तिनं मान ताठ करून म्हटलं, "आभारी आहे, कोमाद्रे."

धर्माच्या आईनं मग आपलं काम अंगावर घेतलं. रोज आई दळणाला किंवा विहिरीवर गेली की दोन्या सेफेरीना गडग्यापाशी यायच्या. अंगणात नाही, पलीकडेच उभ्या राहायच्या आणि तोमासाला सांगायच्या. डुक्कर झोपतं तिथं कधी घाण करत नाही, म्हणून तिला झोपायला एकच जागा द्या, जुनं पोतं घाला, रोज हलवू नका. उठली की लगेच बाहेर न्या, खाल्लं की लगेच बाहेर न्या. एकच कोपरा ठरवा, तिचीच थोडी घाण तिथं टाकून ठेवा म्हणजे वासानं कळतं. तिथं केलं की पपईचा तुकडा द्या, लगेच, नंतर नाही. उकरायची तर तिला हौस आहेच, ती जाणार नाही. मग उकरायला जागा द्या, तिथं बिया पुरा. आणि ओल्या फडक्यानं अंग पुसत जा, कातडी तडकते हिची.

"आणि नाही ऐकलं तर?" तोमासानं विचारलं.

"तर उद्या परत. तुम्ही किती दिवसांत शिकलात, कोमाद्रे? मी गडग्यावरून बघत होते सगळं."

आईला कळलं ते एका सकाळी. ती लाकडी परातीत कपडे धूत होती. पलीकडून आवाज आला, अगदी नीट, अदबीनं: "शुभ सकाळ, कोमाद्रे. झोप लागली का बरी?"

आईचे हात पाण्यात थांबले. ती वळली नाही. तिच्या पाठीकडे मी बघत होते, आणि मला दिसलं की तिनं श्वास घेतला, उत्तर देण्यासाठी घेतात तसा.

"लागली, कोमाद्रे," तोमासा माझ्या शेजारून म्हणाली. "पण बोशिता घोरत होती."

आईनं श्वास सोडला. मग तिनं तेच कापड परत घासायला घेतलं जे घासून झालं होतं. संध्याकाळी तिनं तोमासाला विचारलं, आणि तोमासानं सगळं सांगितलं, पेन्सिलीसकट. बाबा इतके हसले की झोळीतून उठून बसावं लागलं. "म्हणजे घरात आता माझ्याहून मोठं माणूस आहे," ते म्हणाले. "दोन्या तोमासा, पाणी द्याल का?"

आई हसली नाही. "जत्रेपर्यंत," ती एवढंच म्हणाली. "मी बोलले ते बोलले."

पण बोशिता शिकली. खरंच शिकली. चुलीशेजारचे खड्डे आईनं बुजवले ते बुजलेलेच राहिले. झोळ्या वाचल्या. दार बंद असलं तर ती नाकानं ढकलून आवाज करायची आणि आई हातातलं काम सोडून दार उघडायची. "जा बाई," म्हणायची. एकदा मी बघितलं, आजूबाजूला कुणी नाही असं वाटून आई तिचं पोट खाजवत होती.

जत्रेच्या सकाळी वेन्से मामा आला. नवी हॅट, खांद्यावर दोर. तोमासानं तो दोर बघितला, पण ती घाबरलेली नव्हती. बोशितानं गेल्या कितीतरी दिवसांत एकदाही घरात घाण केली नव्हती, आणि आई शब्दाची पक्की होती.

आईनं त्या जत्रेसाठी नवा हुईपिल भरला होता. कितीतरी महिने भरत होती. गळ्याशी जांभळी फुलं, खाली पिवळी. चुरगळू नये म्हणून तिनं तो बाकावर पसरून ठेवला होता. तेवढ्यात देवळापाशी दारूचे पहिले बाण सुटले. एकापाठोपाठ एक, आमच्या छपरावर फुटल्यासारखे.

बोशिता परसातून सुटली ती किंचाळत घरात. टेबलाखालून, मामाच्या पायांमधून, बाकाखाली, बाकावर. हुईपिल तिच्याबरोबर खाली आला. ती त्यात शिरली, थरथरली आणि तिथंच मुतली.

बाहेर अजून बाण फुटत होते. आईनं वाकून हुईपिल उचलला. जांभळ्या फुलांतून पाणी गळत होतं.

"चला," मामा म्हणाला. "माझं काम सोपं झालं." आणि त्यानं दोर आईच्या हातात दिला.

आईनं तो बोशिताच्या गळ्यात घातला. गाठ तिनं सैलच ठेवली. तोमासा रडली नाही. ती परसात गेली, गडग्यापाशी उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "कोमाद्रे! आपली मुलगी नेतायत!"

दोन्या सेफेरीना जत्रेच्या कपड्यांत होत्या, केसांना रिबन बांधलेली. त्या गडग्यावरून आल्या नाहीत. त्या रस्त्यानं फिरून आमच्या पुढच्या दाराशी आल्या, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"या की, दोन्या सेफेरीना," मामा म्हणाला. "उन्हात कशाला उभ्या?"

"घर तुमचं नाही, डॉन वेन्सेस्लाओ. बोलावणं घरच्या बाईचं लागतं. मी इथूनच बघते. लेक घाबरलीय माझी."

मामानं आईकडे बघितलं. "लेक? डुकराला धर्माची आई? हे पाद्रीला सांगू का आज?" आणि तो हसायला लागला.

"हसू नकोस, वेन्से," आई म्हणाली.

"अगं, डुकराचं हेत्समेक..."

"हसू नकोस म्हटलं ना." ती जमिनीकडेच बघत होती. मग तसंच खाली बघत तिनं विचारलं, "फेऱ्या पुऱ्या झाल्या?"

हे जनावरांना नव्हतं, कोंबड्यांना नव्हतं. दोन्या सेफेरीनांनाही ते कळायला क्षण लागला.

"झाल्या. वरच झाल्या. तिनं मधे बिया खाल्ल्या, मग पहिल्यापासून घातल्या."

"अंडं?"

"तेही. टरफलासकट."

"मग अक्कल कशी नाही आली?"

"अक्कल आलीय, साबीना. भीती गेली नाही. ती अंड्यानं जात नाही."

आई हुईपिल हातात धरून उभी होती. बाबा मागच्या दारात येऊन थांबले होते. 

"तोमासाच्या वेळी..." आई म्हणाली.

"राहू दे."

"नाही. तोमासाच्या वेळी मी दुकानवालीकडे गेले. मला वाटलं पोरीला पुढं तिचा उपयोग होईल. शहरात तिची माणसं आहेत, शाळेला पाठवेल. तुमच्याकडे..." 

"माझ्याकडे टर्क्या होत्या," दोन्या सेफेरीना म्हणाल्या.

"ती वर्षभरात गाव सोडून गेली. पोरीचं नावही आठवत नसेल तिला."

"मी कुठं गेले नाही."

त्या हे काही रागानं बोलल्या नाहीत. नुसतं सांगितलं, जसं मी सांगेन की विहीर तिकडे आहे. बोशिता दोर ओढून उंबऱ्याकडे जायला बघत होती, त्या आवाजाकडे. आईनं वाकून तिच्या गळ्यातून दोर काढला. बोशिता धावत गेली आणि दोन्या सेफेरीनांच्या पायांमधे जाऊन उभी राहिली, डोकं त्यांच्या हुईपिलखाली घालून.

"तुझा दोर," आई मामाला म्हणाली आणि तो त्याच्या हातात गुंडाळून दिला. मग तिनं उंबऱ्याकडे बघितलं, सरळ. "आत या, दोन्या सेफे. मी बोलावतेय."

दोन्या सेफेरीनांनी पाय उचलून उंबरा ओलांडला. एवढंच. मला आठवतं, त्यांनी पायातल्या चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, जत्रेच्या नव्या चपला, एकमेकींना चिकटवून.

आता आई नाही, बाबा नाहीत, दोन्या सेफेरीनाही कधीच गेल्या. तोमासा मेरिदा शहरात असते, तिला नातवंडं आहेत. त्या दिवशी ती बाबांच्या खांद्यावर बसून बैलांचा खेळ बघायला गेली, आपली मुलगी आणि आपली कोमाद्रे दोघींना साफ विसरून. मामाही त्यांच्याबरोबर गेला, दोर खांद्यावर. मी मागे राहिले. का राहिले ते सांगता येणार नाही. मला त्या दोघींकडे बघायचं होतं.

त्यांनी लाकडी परात नारिंगाच्या झाडाखाली नेली, आमच्या नाही, त्यांच्या. आईला पहिल्यांदाच मी गडग्याच्या त्या बाजूला बघत होते. दोघी परातीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, हुईपिलचं एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. बोशिता त्यांच्या पायांशी ओल्या मातीत आडवी पडली होती. देवळाकडून वाजंत्री ऐकू येत होती.

"आधी मीठ लावायचं," आई म्हणाली.

"आधी नारिंगाचा रस. मीठ नंतर."

"रसानं जांभळा रंग जाईल."

"तू भरताना धागा धुऊन घेतला नव्हतास?"

"घेतला होता."

"मग कसा जाईल?"

"माझ्या आईनं नेहमी आधी मीठच लावलं."

"तुझ्या आईच्या हुईपिलवर कधी डुक्कर मुतलं होतं का?"

आईनं झाडाकडे हात वर केला आणि एक नारिंग तोडलं.